झटका मशीन टिकटिकतंय, पण तारेला झटका नाही: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

निफाडच्या काळ्या रानात असो की सिन्नर-येवल्याच्या मुरमाड माळावर, झटका कुंपणाची तक्रार एकच येते. मशीनचा दिवा लुकलुकतो, टिकटिक ऐकू येते आणि तरीही शेळ्या तारेखालून मक्यात शिरतात, रात्री रानडुकरं येऊन जातात. शेतकरी मशीन उचलून दुकानात नेतो, तिथे मशीन ठणठणीत निघतं. बहुतेक वेळा दोष मशीनच्या बाहेर, कुंपणावर किंवा जमिनीत असतो आणि तो बिनपैशात नाहीतर दोन-चारशे रुपयांत सापडतो. त्यासाठी आधी लक्षण नीट ओळखायला हवं.

लक्षणं

- पहाटे दव असताना झटका कमी, ऊन चढल्यावर चांगला: गवत टेकलंय किंवा इन्सुलेटरमधून (तार खांबापासून वेगळी ठेवणाऱ्या तुकड्यांतून) करंट गळतोय.
- संध्याकाळी जोरात, पहाटे जवळजवळ बंद: बॅटरी रात्रभर टिकत नाही.
- पावसाळ्यात उत्तम, एप्रिल-मेमध्ये मेलेला: अर्थिंग.
- गेटपर्यंत झटका आहे, गेटपलीकडे नाही किंवा अगदीच कमी: गेटखालची वायर किंवा जॉइंट.
- वळवाच्या विजांनंतर अचानक सगळं बंद: लाइटनिंग अरेस्टर (विजेपासून मशीन वाचवणारा भाग) किंवा मशीन.
- मीटर चांगले व्होल्ट दाखवतं, जनावरं तरी आत येतात: तारांची उंची, कोरडी जमीन किंवा जनावराला न लागलेली सवय.

आधी मीटर घ्या

कुंपणासाठीचा डिजिटल व्होल्टमीटर वेगळा मिळतो, तोच घ्या. साधा मल्टिमीटर तारेला लावला की जळतो, कारण इथे हजारो व्होल्टचा ठोका मिलिसेकंदाहूनही कमी वेळापुरता येतो. गवताची काडी टेकवून अंदाज घेणाऱ्याला झटका आहे एवढंच कळतं, किती आहे ते कळत नाही. गाई-म्हशींसाठी कुंपणाच्या शेवटच्या टोकाला किमान ३००० व्होल्ट हवेत. शेळ्या-मेंढ्या आणि रानडुकरांसाठी ४००० च्या वर हवेत, कारण केस जाड असतात आणि खूर लहान व कोरडे. मोजमाप नेहमी शेवटच्या टोकाला घ्या. मशीनपाशी ७००० दिसले म्हणून बांधाच्या पार कोपऱ्यातही तेवढेच असतील असं धरू नका.

तारेला हात लावायचं प्रत्येक काम मशीन बंद करूनच करायचं. कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला काम असेल तर मशीनपाशी माणूस उभा करा, नाहीतर बटण बंद करून पेटीला कुलूप लावा.

१. तारेवरून एक फेरी (खर्च शून्य)

सगळ्यात आधी चालत फेरी मारा. गाजर गवत, कुंदा, हराळी, वेली जे काही तारेला टेकलंय ते प्रत्येक थोडा थोडा करंट जमिनीत सोडत असतं. एका काडीने काही बिघडत नाही, पण ओल्या गवताच्या तीनशे काड्या मिळून अर्धं व्होल्टेज खातात. म्हणून खालची तार आधी बघा. तारेखालचा दीड-दोन फुटांचा पट्टा जुलै ते ऑक्टोबर दर तीन आठवड्यांनी खुरपून किंवा ब्रशकटरने साफ ठेवावा लागतो. तणनाशक मारत असाल तर बांधाशेजारच्या द्राक्षवेलीवर उडणार नाही याची काळजी घ्या. २,४-डी तर द्राक्षाच्या आसपासही नको.

द्राक्षपट्ट्यात एक जागा हमखास राहून जाते. बागेच्या मांडवाचे लोखंडी अँगल आणि शेवटच्या ओळीची ताण तार कुंपणाच्या अगदी जवळून जाते. उन्हाळ्यात तार सैल पडते, वाऱ्याने डोलते आणि ताण तारेला टेकते. मांडवाचे शेकडो अँगल जमिनीत रोवलेले असतात, त्यामुळे एका टेकीत अख्खं कुंपण जमिनीला जोडलं जातं. दिवसा हे दिसतही नाही. जिथे तार टेकते तिथला जस्ताचा थर उडून बोटभर काळपट डाग पडलेला असतो, तो शोधा. कुंपणाची तार आणि मांडव यांत हातभर तरी अंतर ठेवा आणि तार ताणून घ्या.

छाटणीनंतरच्या काड्या, कांद्याच्या फाटक्या गोण्या, उडून आलेला शेडनेटचा तुकडा हेही बघा. खांबावरून निसटून लोखंडी खांबाला लागलेली तारही याच फेरीत सापडते.

२. रात्रीची फेरी: इन्सुलेटर

दिवसा न दिसणारा दोष रात्री दिसतो. चंद्र नसलेल्या रात्री, शक्यतो दव पडल्यावर, मशीन चालू आणि हातातली टॉर्च बंद ठेवून कुंपणाकडेने चाला. जिथे ठिणगी उडते तिथे मशीनच्या ठोक्याबरोबर ‘टक्’ असा आवाज येतो आणि निळसर ठिपका चमकतो. तिथे चुन्याची खूण करा, दुरुस्ती सकाळी. बिबट्याचा वावर असलेल्या उसाच्या पट्ट्यात ही फेरी एकट्याने मारू नका. दोघं-तिघं आवाज करत जा.

सकाळी तो इन्सुलेटर हातात घेऊन बघा. उन्हाने प्लास्टिक पांढरट पडलेलं असतं आणि तारेपासून खिळ्यापर्यंत केसाएवढी काळी रेघ गेलेली असते. ती रेघ म्हणजे जळालेल्या प्लास्टिकचा कोळसा आणि कोळशातून करंट वाहतो. असा इन्सुलेटर पुसून चालत नाही, बदलावाच लागतो. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेजवळ बोर्डो आणि गंधकाच्या फवारणीचा थरही इन्सुलेटरवर बसतो आणि दवात ओला झाला की करंट नेतो. एवढंच असेल तर ओल्या फडक्याने पुसून काम भागतं.

खर्च वाचवायला सायकलची ट्यूब कापून तार बांधलेली ठिकठिकाणी दिसते. ट्यूबच्या काळ्या रबरात काजळी असते, त्यामुळे इतक्या व्होल्टेजला ती गळते. ठिबकच्या नळीचे तुकडेही फार दिवस टिकत नाहीत. भिंत पातळ, आत पाणी साचतं आणि तार करकचून आवळली की नळी चिरते. लोखंडी अँगलवर चांगला इन्सुलेटरच लावा. ओली बाभूळ आणि ओला बांबूसुद्धा करंट नेतात, तेव्हा लाकडी खांब आहे म्हणून इन्सुलेटर टाळू नका.

३. बॅटरी आणि पॅनल

बॅटरी मोजायची वेळ पहाटेची, ऊन सोलर पॅनलवर येण्याआधीची. इथे साधा मल्टिमीटर चालतो. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. दुपारी पॅनल जोडलेलं असताना मोजलेला आकडा फसवा असतो. मेलेली बॅटरीही तेव्हा १३ च्या वर दाखवते.

पहाटे कमी आकडा आला तर लगेच नवी बॅटरी आणू नका. आधी या गोष्टी बघा:

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी आहे का? गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, क्लॅम्प घट्ट करा आणि वरून व्हॅसलीन लावा. पाणी घालायची बॅटरी असेल तर पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचं पाणी नको, त्यातल्या क्षारांनी प्लेटा खराब होतात.

पॅनल पुसा. कच्च्या रस्त्याकडेच्या पॅनलवर फुफाटा बसतो, वर साळुंक्या बसतात. पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि कल साधारण २० अंश हवा, कारण नाशिक २० अक्षांशावर आहे. शेजारच्या शेवग्याची एक फांदी वाढली आणि तिची सावली पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी चार्जिंग अर्ध्याहून खाली जातं. सेल एकामागे एक जोडलेले असल्याने एक अडला की सगळे अडतात. भर दुपारी पॅनलच्या वायरी चार्जिंग कंट्रोलरपासून सोडवून मोजल्या तर १२ व्होल्टच्या पॅनलने १८ ते २२ व्होल्ट दाखवायला हवेत. आता वायरी परत जोडा, बॅटरीवर १३.५ ते १४.४ दिसले तर चार्जिंग ठीक आहे. पॅनल चांगलं, पण बॅटरीपर्यंत पोचत नाही असं दिसलं तर वायर किंवा कंट्रोलर.

यातून काही सापडलं नाही, तर भरलेल्या बॅटरीला मोटरसायकलचा किंवा गाडीचा हेडलाइटचा बल्ब पाच-दहा मिनिटं लावा. आकडा झपाट्याने ११ च्या खाली गेला तर सेल मेलाय. मग बॅटरी बदलाच.

हिशोब करून ठेवला तर दर पावसाळ्यातला गोंधळ टळतो. मशीन ०.३ अँपिअर ओढत असेल तर चोवीस तासांत ७.२ अँपिअर-अवर जातात. २६ अँपिअर-अवरची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करायची नाही असं धरलं, तर ऊन नसताना ती दोन दिवसही पुरत नाही. ४० वॅटचं पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला १० अँपिअर-अवरच्या आसपास भरतं, म्हणजे नांदगाव-येवल्याला पुरतं. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. तिथे मोठी बॅटरी आणि दुप्पट पॅनल घ्या, नाहीतर आठवड्यातून एकदा बॅटरी घरी नेऊन चार्ज करा. घरच्या चार्जरवर लावताना मशीनच्या वायरी बॅटरीपासून काढून ठेवा. चार्जरमध्ये बिघाड झाला तर घरातली लाइट थेट कुंपणावर जायला नको.

४. अर्थिंग: इथे थांबून नीट बघा

करंट मशीनमधून निघतो, तारेतून जातो, जनावराच्या अंगातून खुरात, खुरातून जमिनीत आणि जमिनीतून अर्थ रॉडवाटे परत मशीनमध्ये येतो. ही फेरी पूर्ण झाली तरच जनावराला झटका बसतो. तारेवर सगळे पैसे घालायचे आणि अर्थिंगला दोन फुटांची गंजकी सळई ठोकायची, हे सर्रास चालतं. मग मशीन कितीही मोठं घ्या, झटका तेवढाच राहतो.

काळ्या मातीतला प्रकार जवळून बघण्यासारखा आहे. एप्रिलमध्ये रान भेगाळलं की रॉडभोवतीची माती आकसते. रॉडला हात लावून हलवला तर तो खुळखुळतो आणि कडेने बोट आत जाईल एवढी पोकळी दिसते. माती आणि लोखंड यांचा संबंधच सुटलेला असतो. पाऊस पडला की माती फुगते, पोकळी बुजते आणि झटका परत येतो. त्यामुळे ‘आपोआप नीट झालं’ म्हणून कुणी लक्ष देत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच.

तपासणी अशी करा. मशीन बंद. मशीनपासून साधारण १०० मीटरवर तीन-चार पहारी जमिनीत रोवून तारेला टेकवा. मशीन चालू करून तारेवर मोजा. व्होल्टेज २००० च्या खाली यायला हवं. नाही आलं तर मशीन बंद करून आणखी पहारी लावा. आता शेवटच्या अर्थ रॉडपाशी या. मीटरची एक पिन रॉडला लावा, दुसरी वायर पुरेल तेवढ्या, म्हणजे मीटरभर अंतरावर जमिनीत खुपसा. आकडा ३०० व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग पुरेसं आहे. त्याहून जास्त म्हणजे जमिनीतून परत येणारा करंट रॉडमध्ये मावत नाही, रॉड वाढवा. पहारी काढतानाही मशीन बंद.

लहान-मध्यम मशीनला किमान तीन रॉड लागतात. प्रत्येक सहा फूट लांब, जाड जस्ताचा थर असलेला जीआय पाइप किंवा रॉड, एकमेकांपासून दहा फुटांवर. जवळ जवळ ठोकले तर तिन्ही मिळून एकाचंच काम करतात. तिन्ही रॉड एका सलग जीआय तारेने आणि क्लॅम्पने जोडा. रंग दिलेली किंवा गंजलेली सळई चालत नाही. इगतपुरीकडे फुटाभरावर कातळ लागतो; तिथे रॉड तिरपा ठोका किंवा दीड फूट चर खणून आडवा पुरा आणि मातीने भरा. उन्हाळ्यासाठी सोपा उपाय म्हणजे प्रत्येक रॉडवर ठिबकचा एक ड्रिपर सोडणे. रॉडभोवती बेंटोनाइट (ओल धरणारी चिकणमाती) भरलं तर ओल जास्त दिवस राहते. मीठ टाकू नका, दोन वर्षांत रॉड खाऊन टाकतं.

रॉड कुठे ठोकू नयेत हेही महत्त्वाचं. घराच्या किंवा मोटारीच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर दूर. बोअरच्या केसिंगला, मोटारीच्या बॉडीला, पाण्याच्या लोखंडी पाइपला अर्थ वायर बांधायची नाही. तसं केलं की झटक्याचा काही भाग हौदापर्यंत पोचतो. गाय हौदाशी येते, तोंड लावते आणि मागे सरते, किंवा धार काढताना सारखी पाय उचलते. हे दिसलं तर मशीन बंद करून पहिल्यांदा अर्थिंगची जागा बघा.

माळरानावर जिथे मे महिन्यात माती दगडासारखी कोरडी होते, तिथे कितीही रॉड ठोका, खुरातून जमिनीत करंट जातच नाही. तिथे एकाआड एक तार अर्थला जोडा. शेळी दोन तारांमधून डोकं घालते तेव्हा तिला झटका आणि अर्थ दोन्ही एकदम लागतात. मात्र तारा कायम ताणलेल्या हव्यात, नाहीतर झटक्याची तार अर्थच्या तारेला टेकून सगळंच बंद पडतं.

५. जॉइंट, गेट आणि गेटखालची वायर

तांब्याची वायर जीआय तारेला पिळून जोडली की ओलीत दोन्ही धातू एकमेकांना खातात, सांध्यावर हिरवट-पांढरी पूड जमते. जीआयला जीआयच जोडा, गाठ मारून वर जॉइंट क्लॅम्प आवळा.

गेटखाली घरातली साधी वायर पुरणं ही फार मोठी चूक आहे. ती ११०० व्होल्टसाठी बनवलेली असते आणि आपण तिच्यातून सात-आठ हजार पाठवतो. पहिला उन्हाळा निघतो, पाऊस पडला की वायर जमिनीतच गळायला लागते. २० केव्हीची (२०,००० व्होल्टची), दुहेरी आवरणाची कुंपण केबल घ्या, ती पाइपातून दीड फूट खोल टाका, म्हणजे ट्रॅक्टरने दबणार नाही. पाइपाची दोन्ही तोंडं खाली वळवा, पाणी शिरायला नको. तपासायला केबलची दोन्ही टोकं सोडवा आणि फक्त मशीनकडचं टोक जोडून बघा. तेवढ्यानेच तारेचं व्होल्टेज पडलं तर केबल गेली. गेटचं हँडल असं जोडा की गेट उघडल्यावर सुटलेल्या तारेत करंट नसेल.

६. अजूनही सापडत नसेल तर तुकडे पाडा

दर ५०० मीटरला एक कटआउट स्विच (पुढचा तुकडा वेगळा करणारा) लावलेला असला तर हे काम अर्ध्या तासाचं. नसेल तर दर २०० मीटरला मोजत जा. समजा मशीनपाशी ५०००, मग ४२००, ३४००, नंतर ३१०० आणि पुढेही ३१००. आकडा जिथे पडायचा थांबला त्याच्या अलीकडच्या तुकड्यात गळती आहे, म्हणजे इथे ४०० ते ६०० मीटरमध्ये. अलीकडे चांगले व्होल्ट आणि पुढे एकदम शून्य असेल तर तार तुटलीय किंवा जॉइंट सुटलाय. मिडीयम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर असेल तर स्टेशन नसलेल्या जागी लावून कुंपणाकडेने न्या. ठिणगीपाशी टक्टक् सगळ्यात मोठी येते.

७. लाइटनिंग अरेस्टर आणि मशीन

अरेस्टर एकदा वीज खाल्ल्यावर आतून शॉर्ट होऊ शकतो. मशीन बंद करून त्याची वायर सोडवा आणि परत मोजा. झटका आला तर अरेस्टर बदला. त्याचं अर्थिंग मशीनच्या अर्थिंगपासून दहा मीटर तरी लांब हवं.

मशीन शेवटी. कुंपणाची वायर काढा, अर्थ राहू द्या, भरलेली बॅटरी लावा आणि मशीनच्या दोन टर्मिनलवर मोजा. लेबलवरच्या आकड्याच्या जवळपास आलं तर मशीन चांगलं आहे, परत कुंपणाकडे वळा. फारच कमी आलं तरच मशीन दुरुस्तीला न्या.

व्होल्ट आहेत, तरी जनावर आत येतं

शेळ्यांसाठी खालची तार जमिनीपासून सहा इंचांवर हवी आणि एकूण पाच तारा. गाईंना दोन-तीन पुरतात. डुकरांसाठी पहिली तार आठ-नऊ इंचांवर, म्हणजे नाकाच्या पातळीला. त्याहून वर असेल तर डुक्कर आधी डोकं घालतं आणि झटका बसल्यावर मागे न फिरता पुढेच घुसतं. नवीन शेळ्या दोन-तीन दिवस छोट्या झटका आवारात दाणा-पाणी देऊन ठेवा, म्हणजे त्या नाकाने तार हुंगतात आणि पुढे लांबूनच वळतात.

इथे थांबा, जाणकार माणूस बोलवा

मशीनचं झाकण उघडू नका. आतला कपॅसिटर मशीन बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट धरून असतो. ते काम सर्व्हिस सेंटरचं.

मशीन बंद असताना तारेला झिणझिण्या येत असतील तर कशालाही हात न लावता मागे या. जवळून जाणाऱ्या विजेच्या लाइनमुळे किंवा कुठेतरी घरच्या लाइनचा संबंध आल्यामुळे हे होतं. परवानाधारक वायरमन बोलवा. लाइनची तार कुंपणावर पडली किंवा टेकली असेल तर लांब उभे राहा, जनावरांनाही लांब ठेवा आणि महावितरणला कळवा. नवीन कुंपण घालताना घरापर्यंत येणाऱ्या कमी दाबाच्या लाइनपासून ३ मीटर आणि ११ ते ३३ केव्ही लाइनपासून ४ मीटर अंतर सोडा. त्याहून मोठ्या, ३३ केव्हीच्या वरच्या लाइनजवळ जागा आखण्याआधी तज्ज्ञाला दाखवा.

काटेरी तारेत झटका सोडू नका. अडकलेल्या माणसाला किंवा जनावराला सुटता येत नाही आणि ठोके बसतच राहतात. एकाच कुंपणाला दोन मशीन जोडायची नाहीत, ठोक्यांमधली मोकळी वेळ संपते. रस्त्याकडेला पिवळ्या पाट्या लावा, दोन्ही बाजूंनी वाचता येतील अशा.

घरची किंवा मोटारीची लाइट थेट तारेला जोडलेली कुठे दिसली तर ती तिथल्या तिथे बंद करायला लावा. असल्या तारेने शेतमजूर, शेजारची मुलं, स्वतः शेतकरी मेलेत. तो गुन्हा आहे आणि बिबट्या मेला तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वेगळा खटला उभा राहतो. मशीनचा झटका सेकंदाला जेमतेम एक ठोका देतो, मधल्या वेळात हात सुटतो. लाइटच्या तारेला चिकटलेला हात सुटत नाही.

मेकॅनिकला फोन करण्याआधी चार आकडे कागदावर घ्या: पहाटेचे बॅटरीचे व्होल्ट, कुंपण सोडवून मशीनचे व्होल्ट, कुंपण जोडून शेवटच्या टोकाचे व्होल्ट आणि पहारी टेकवून अर्थ रॉडवरचे व्होल्ट. हे आकडे ऐकून निम्मा दोष त्याला फोनवरच कळतो आणि तो योग्य सामान घेऊन येतो.